अक्काच्या नावाची मूठ

गहू आमच्या घरात वर्षातून एकदाच यायचा, श्रावणात, आणि तोही देवीचा म्हणून. बाकी वर्षभर ज्वारी. ज्वारी परवडेनाशी झाली की मका. चोपड्याच्या अलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. आबा दुसऱ्यांच्या केळीत घड कापायला आणि ते खांद्यावरून गाडीपर्यंत वाहायला जायचे. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा पडतो, मग तो कशानंच निघत नाही. आबांचा एकही सदरा मी काळ्या डागांशिवाय पाहिलेला नाही. लहानपणी मला वाटायचं, बाप्यांचे सदरे दुकानातच तसे मिळतात. माय निंदणीला जायची, हंगामात कापूस वेचायला. आम्ही दोघी बहिणी. भाऊ नाही, शेत नाही. घर दोन खोल्यांचं, नानांच्या घराला चिकटून. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. त्यांच्याकडं थोडी कोरडवाहू जमीन होती, दोन मुलगे होते, आणि कानबाईचा मान त्यांच्याकडं होता.

खानदेशात कानबाई कोणाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट करतात. गुळाच्या पाण्यात मळलेले, गव्हाचे, जाडजूड, आठवडाभर सहज टिकणारे. सोबत गव्हाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, हरभऱ्याच्या डाळीची आमटी. या रोटांचे नियम कडक. गहू मोजायचा तो घरातल्या पुरुषांच्या नावानं. प्रत्येकाच्या नावाची आधी सव्वा मूठ, मग तिच्यामागं मापानं गहू. आमच्याकडं मूठ नाना मोजायचे. त्यांच्या घरच्या तीन मुठी, एक त्यांची आणि दोन मुलांच्या. आमच्या घरची एक, आबांची. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी, एका कुळाच्या माणसांनी. शेजाऱ्याला द्यायचा नाही, मित्राला द्यायचा नाही, गाईलासुद्धा नाही. जेवून हात धुतलेलं पाणी अंगणात खणलेल्या खड्ड्यात जायचं, पायाखाली येऊ नये म्हणून. आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपायला हवं. उरलं तर त्याच खड्ड्यात पुरायचं, पण उरू देणं चांगलं नाही.

आम्हा पोरींना यातला एकच नियम कळायचा. वर्षभर माय जेवताना आमच्या ताटाकडं बघत नसे, कारण बघितलं की आम्ही अजून मागायचो. त्या आठवड्यात मात्र ती समोर बसून म्हणायची, खा, उरायला नको. मायनं "खा" म्हणून मागं लागण्याचे तेवढेच दिवस. मला देवीची भीती कधी वाटली नाही. मला ती फार आवडायची.

आणखी एक नियम होता, तो पुढं आमच्यापर्यंत आला. लग्न झालेल्या मुलीला बापाच्या घरचा रोट चालत नाही. तिचं कूळ बदललं. ती सासरचा खाते.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. ती दहावी झाली आणि तिचं लग्न धुळ्याकडच्या एका खेड्यात लावून दिलं. माणूस बरा होता म्हणतात, मी त्याला नीट पाहिलासुद्धा नाही. दोन श्रावण तिनं सासरी रोट खाल्ले. तिसऱ्याच्या आधी तो विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी महिनाभर ठेवून घेतली आणि एका सकाळी तिचा दीर तिला एका पिशवीसकट आमच्या दारात सोडून गेला. पाणीही न पिता गेला. गावातल्या बायका मायला भेटायला यायच्या आणि दोन गोष्टी एका दमात बोलायच्या. बिचारीचं नशीब, ही एक. पदरात एखादं पोर असतं तर सासरी टिकली असती, ही दुसरी. अक्का आतल्या खोलीत बसून ऐकायची.

त्याच वर्षीच्या कानबाईला प्रश्न उभा राहिला, म्हणजे खरं तर कोणी उभा केलाच नाही. काकूंचं, नानांच्या बायकोचं, मनगट दुखत होतं म्हणून पीठ अक्कानं मळलं. रोट अक्कानं थापले, भाजले. खीर तिनं ढवळली. चुलीच्या धगीनं तिचा चेहरा लालबुंद झाला होता. आणि पंगत बसली तेव्हा मायनं दुसऱ्या चुलीवर भाजलेली ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा तिच्या पुढ्यात ठेवला, भिंतीकडेला, पंगतीपासून थोडं लांब. सासरचं कूळ तिला ठेवून घेत नव्हतं, आणि आमच्या कुळातून ती केव्हाच गेली होती. हात चालत होते. तोंड चालत नव्हतं.

मी तेव्हा शाळेत होते. घास खाली जाईना. अक्कानं ते पाहिलं आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मी रांधते, तू जेव. शिकून मामलतदार हो, मग माझ्या नावानं ऑर्डर काढ." सगळे हसले, नानासुद्धा. तीही हसली. पुढच्या प्रत्येक श्रावणात ती हाच विनोद करायची, फक्त माझा हुद्दा वाढवायची. मी बारावीला गेले तेव्हा कलेक्टर झाले होते.

मी आमच्या भाऊबंदांतली पहिली पदवीधर. हे मी लाजून सांगत नाही. चोपड्याच्या कॉलेजात रोज एसटीनं जाऊन बी.ए. केलं, पहिल्या वर्गात. पण हेही सांगायला हवं की त्या एसटीच्या पासामागं अक्काची कापसाची वेचणी होती. कापसाच्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. तिच्या बोटांच्या नखांजवळची कातडी हिवाळाभर चिरलेली असायची. त्याच बोटांनी ती श्रावणात रोट थापायची.

बी.एड.ला नंबर भुसावळला लागला. तिथं रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत एका निवृत्त शिक्षिकेकडं मला खोली मिळाली. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही म्हणायला लागले. रेल्वेच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. यजमान रेल्वेत गार्ड होते, ते वारले होते. एकुलती मुलगी लग्न करून इस्राएलला गेली होती. बाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळ कोकणातले लोक. बाईंचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. बाई आमच्याइतकंच चांगलं मराठी बोलत, आमच्याहून शुद्धच. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दोन दिवे लावत आणि शनिवारी गॅसला हात लावत नसत. मी सुरुवातीला शनिवारी त्यांना चहा करून द्यायला गेले, तर म्हणाल्या, "माझ्यासाठी करू नकोस. तुझ्यासाठी कर आणि माझ्यासमोर पिऊ नकोस, मला मोह होतो."

पहिल्याच श्रावणात मी गावाहून परतले तेव्हा बाई दारातच म्हणाल्या, सण करून आलीस आणि हात हलवत? गोडाधोडाचं काही नाही? मी पिशवीतले केळीचे वेफर काढून दिले आणि अडखळत सांगितलं की आमच्या देवीचा प्रसाद बाहेर देत नाहीत. मला वाटलं, त्यांना वाईट वाटणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारायला लागल्या. कोण खातं? कोण खात नाही? किती दिवसांत? उरलं तर काय करता? मी एकेक सांगत गेले. त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"हे तर आमचं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे होतं."

मग त्यांनी मला त्यांच्या देवळाची गोष्ट सांगितली. यरुशलेममध्ये एकच देऊळ होतं. तिथल्या पुजाऱ्यांना कोहेन म्हणत, आणि ते काम एकाच घराण्यात चालायचं. बाकी सगळ्यांना जमिनी वाटून मिळाल्या, या घराण्याला मिळाली नाही. शेत नाही म्हणून त्यांनी देवाच्या ताटातलं खायचं. लोक बळी आणायचे, त्यातली छाती आणि मांडी कोहेनाची. धान्य, तेल, द्राक्षरस निघाला की त्याचाही पहिला वाटा कोहेनाचा. पण खाण्याला शिस्त होती. पापासाठी दिलेल्या बळीचं मांस फक्त पुरुषांनी, देवळाच्या आवारातच, त्याच दिवशी आणि त्या रात्रीत संपवायचं. आनंदाच्या बळीतली छाती-मांडी घरी बायकापोरांनाही चालायची, तिला थोडी जास्त मुदत. मुदत टळली की उरलेलं जाळायचं. परक्यानं खायचं नाही. घरी कामाला ठेवलेल्या मजुरानंही नाही.

"आणि खाणं ही चैन नव्हती," बाई म्हणाल्या. "ते काम होतं. कोहेन जेवला की देणाऱ्याचं पाप फिटलं. तो जेवला नाही तर देणाऱ्याचं अडलं."

मी म्हटलं, माय म्हणायची तसंच. खा, उरायला नको.

त्यांनी आणखी एक सांगितलं. एखादा कोहेन आंधळा असेल, लंगडा असेल, हात मोडलेला असेल, तर त्याला वेदीजवळ जाऊन सेवा करता येत नसे. पण त्याचा खाण्याचा वाटा कोणी काढून घेत नसे. सेवा नाही, तरी ताट आहे. आमच्याकडं उलटं होतं. जी राबत होती तिलाच ताट नव्हतं. मग मी अक्काचं सांगितलं. सगळं सांगितलं, पिशवी, दीर, भिंतीकडेची भाकरी.

बाई उठून आत गेल्या आणि एक जाड पुस्तक घेऊन आल्या. उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं. "कोहेनाची मुलगी," त्या म्हणाल्या, "परक्या घरात दिली की बापाच्या वाट्यातलं खाणं बंद. तुमच्यासारखंच. पण ती विधवा झाली, किंवा नवऱ्यानं सोडली, आणि मूल नसेल, तर ती बापाच्या घरी परत येते. कुमारी असताना होती तशी. बापाची भाकरी खाते."

"मूल असेल तर?"

"तर नाही. मग ती मुलाच्या कुळाची. मूल नसेल तरच परत येते."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. गावातल्या सगळ्या बायकांनी ज्या गोष्टीसाठी अक्काला जन्मभर बिचारी म्हटलं, तीच गोष्ट या कायद्यात दाराची कडी काढत होती.

पण बाई गणिताच्या. अर्धं उत्तर देऊन सोडणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, थांब, आमच्या जुन्या पंडितांनी यावर कीस काढला आहे. अशी मुलगी धान्याचा वाटा खाते. छाती-मांडी मात्र तिला परत मिळत नाही. माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, "तुमचा रोट कशाचा असतो?"

"गव्हाचा."

"मग?" बाई म्हणाल्या. "गव्हाचा म्हणजे धान्याचा. आमच्या हिशेबानं तुझी बहीण जेवायला बसते."

मी विचारलं, तुमच्यात हे अजून पाळतात? त्या हसल्या. देऊळ पडून दोन हजार वर्षं होत आली. बळी नाहीत, वेदी नाही. आणि त्यांच्या कोकणातल्या लोकांत तर कोहेन घराणी नव्हतीच म्हणायची. "ताट गेलं गं," त्या म्हणाल्या. "ताटावर कोणी बसायचं याचे नियम तेवढे आम्ही घासूनपुसून ठेवलेत. तुमच्याकडं ताट आहे अजून. म्हणून सांगितलं."

पुढच्या वर्षी गहू मोजायच्या दिवशी मी घरी होते. नानांच्या ओट्यावर सूप, परात, धुऊन वाळवलेला गहू. नानांनी चार मुठी मोजल्या आणि हात झटकले, तेव्हा मी म्हटलं, नाना, अक्काची एक मोजा. आणि मग जे भुसावळला ऐकलं होतं ते सांगत सुटले. आबा खाली मान घालून बसले. काकूंनी कपाळाला हात लावला. नानांनी मला सगळं बोलू दिलं, मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि मग आमच्या अहिराणीत, आवाज न चढवता विचारलं, "भुसावळले शिकाले गयी, का देव बदलाले?"

मी म्हटलं, देव तोच आहे, नुसता न्याय विचारते. तर म्हणाले, त्या बाईचा न्याय त्या बाईच्या देवाला विचार. "आपली कानबाई तठली नई शे."

म्हणजे आपली कानबाई काही तिकडची नाही. नाना दुष्ट नव्हते. माझ्या बी.ए.च्या निकालाच्या दिवशी त्यांनीच गावात पेढे वाटले होते. त्यांना जे हातात मिळालं होतं ते तसंच पुढच्याच्या हातात द्यायचं होतं, एवढंच.

अक्कानं मला मागच्या दारी नेलं आणि झापलं. माझ्यावरून सणासुदीला भांडू नको, मला ज्वारी पचते, म्हणाली. पण माय? माय ओट्यावरच बसून सगळं ऐकत होती. संध्याकाळी धुणं वाळत घालताना ती हळूच माझ्याजवळ आली आणि विचारलं, "पोर नई तिले परत लेतस?" मूल नसलेलीला परत घेतात? मी हो म्हटलं. थोड्या वेळानं भांडी घासताना पुन्हा तेच. झोपताना पुन्हा. ते कुठल्या देवाचं आहे, हे तिनं एकदाही विचारलं नाही. कुठंतरी, कोणत्या तरी लोकांत, तिची मुलगी जशी होती तशी परत येऊ शकत होती, आणि तसं पुस्तकात लिहिलेलं होतं, एवढं तिला पुरत होतं.

त्या हिवाळ्यात माय आजारी पडली. जळगावला नेली, पोटात गाठ निघाली, आणि ती उशिरा निघाली होती. शेवटच्या दिवसांत तिला अन्न जात नव्हतं. अक्का चमच्यानं पाणी पाजायची. एकदा अक्का डबा आणायला गेली होती तेव्हा मायनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ती बाई खरं बोलणारी आहे ना? मी म्हटलं, गणिताची आहे माय, खोटं कशाला बोलेल. तिनं डोळे मिटले. माघ सरायच्या आत ती गेली. तिच्या हयातीत अक्कानं आमच्या घरचा रोट पुन्हा खाल्ला नाही. याचं मला जे वाटतं ते अजून तसंच आहे. काळानं ते कमी होतं म्हणतात, माझं झालेलं नाही.

मला धुळ्याच्या एका शाळेत नोकरी लागली आणि पुढं तिथंच लग्न झालं. सासरीही कानबाई बसते. पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी माझ्या पानात रोट वाढला आणि म्हणाल्या, आता तू आमच्या कुळाची. त्या घरात मला येऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, कसला कायदा काढला नाही. मी गुमान खाल्ला. रोट चांगला होता. अक्काच्या हाताची चव नव्हती.

त्यानंतर माझाही माहेरचा रोट बंद झाला. विसर्जन झालं की मी दोन दिवस गावी जायची आणि मग भिंतीकडेला आम्ही दोघी. अक्का म्हणायची, "या कलेक्टरबाई, बसा."

इकडं घर रिकामं होत चाललं होतं. नानांचे दोन्ही मुलगे सुरतेला कापडाच्या कामात गेले, बायकापोरं तिकडंच नेली. काही वर्षं सणाला यायचे, मग फोन यायचे. नानांना साखर निघाली, पाय सुजले. काकू थकल्या. तरी नाना दरवर्षी चार मुठी मोजत. मुलगे कुळात आहेत तर त्यांच्या मुठी सुटणार कशा? माणूस ताटावर आहे की नाही हे बघायचं नसतं, कुळात आहे की नाही हे बघायचं असतं. मी सांगते त्या वर्षीही तसंच झालं. मुलांनी फोनवर सांगितलं होतं, मंगळवारपर्यंत येतो. नाना खूष होते. चार मुठी, चार मापं. अक्कानं एकटीनं सगळे रोट केले. मंगळवारी मुलांचा फोन आला की सुट्टी मिळत नाही.

मी पोचले तेव्हा पौर्णिमा उद्यावर आली होती आणि रोटांची टोपली जवळजवळ भरलेली होती. नानांना गोड वर्ज्य, ते तुकडा मोडून नमस्कार करत. काकूंना दात नव्हते, त्या दुधात कुस्करून एखादा खात. राहिले आबा. आबा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ रोट खात होते, काम केल्यासारखे, मान खाली घालून. शेवटी नाना खाटेवरून म्हणाले, पूर आता. टोपली घे आणि पूर.

आबा टोपली घेऊन खड्ड्यापाशी गेले. मी आणि अक्का दारात होतो. आबा उभेच राहिले. ज्या माणसानं निम्मं आयुष्य गहू वर्षातून एकदा पाहिला, त्याला गव्हाची टोपली मातीत उलटायला सांगितली होती. ते वळले आणि टोपली तशीच घेऊन खाटेसमोर आले. आबा नानांना उलटून बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं.

"सुरतवाला उनात नई, त्यासनी मूठ मोजी," आबा म्हणाले. "हाई रोज आठे ऱ्हास, हिनी कोनी मोजी?"

सुरतवाले आले नाहीत, त्यांची मूठ मोजली. ही रोज इथं असते, हिची कोणी मोजली? आबांनी टोपलीतला एक रोट काढला आणि अक्कापुढं धरला. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं आत्ता, इथं, संपलं.

अक्कानं हात पुढं केला नाही.

"उरनं म्हनीसन माले?" ती म्हणाली. उरलं म्हणून मला?

ती रागावली नव्हती. आबांच्या हातातून टोपली तिनं हळूच काढून घेतली, खड्ड्याशी बसली आणि स्वतः थापलेले रोट एकेक करून मातीत ठेवले. वर माती ओढली. हात धुतले, तेही पाणी तिथंच ओतलं, नियमाप्रमाणं. मग मला म्हणाली, चल, भाकरी टाकते, तुला भूक लागली असेल. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाटलं, हिनं खाऊन टाकायला हवं होतं. उद्याचा काय भरवसा. मायच्या वेळीही आम्ही पुढच्या वर्षावरच ठेवलं होतं.

बाईंना हे सांगावं म्हणून मी फोन लावला. नंबर बंद होता. पुढं कामानिमित्त भुसावळला गेले तेव्हा मागच्या गल्लीत जाऊन आले. घराला नवीन रंग, दारात दुसऱ्यांची सायकल. शेजारच्यांनी सांगितलं, मुलगी येऊन त्यांना इस्राएलला घेऊन गेली. पत्ता कोणाकडं नव्हता. त्यांचं जाड पुस्तक त्यांनी नेलं असेलच.

पुढच्या श्रावणात गहू मोजायच्या दिवशी मी रजा टाकून गावी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. नानांच्या ओट्यावर तेच सूप, तीच परात. नानांच्या हाताला आता कंप सुटला होता. पहिली मूठ त्यांनी उचलली तर गहू बोटांमधून निसटून सुपात पडला. दुसऱ्यांदा तेच. त्यांनी सूप आबांकडं सरकवलं.

आबांनी आधी नानांची मूठ मोजली. मग मोठ्या पुतण्याची, मग धाकट्याची. मग स्वतःची. नेहमी इथं नाना हात झटकायचे. आबांनी हात झटकले नाहीत. पाचव्यांदा सुपात घातले, मूठ भरली आणि परातीवर धरून थांबले. कोणाच्या नावाची, हे बोलले नाहीत. अक्का आत चुलीशी होती, तिला दिसतही नव्हतं. काकूंनी नानांकडं पाहिलं. मी ओठ आवळून बसले होते. मागच्या वेळी मी बोलले होते आणि त्यानं काही झालं नव्हतं.

नानांनी आबांच्या मुठीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मोठी ले. पोर दिनभर चूलपुढे ऱ्हास." मोठी घे, पोरगी दिवसभर चुलीपुढं असते.

आबांनी मूठ सुपात सोडली आणि नव्यानं भरून घेतली, बोटांत मावेना एवढी. वर पाव मूठ आणि मागून माप.

विसर्जनानंतर मी पुन्हा गेले. पंगत छोटीच. नाना खाटेवर, काकू, आबा, आणि आबांच्या शेजारी अक्का. तिच्या केसांत आता पांढरं जास्त आहे. मी भिंतीकडेला बसले, जुन्या जागेवर. माझी भाकरी तिनंच भाजली होती, रोटांचं पीठही तिनंच मळलं होतं. आबांनी तिच्या पानात रोट वाढला. तिनं एक तुकडा मोडला, खिरीत बुडवला, सावकाश चावला. सगळे तिच्याकडं बघत होते आणि तिला ते कळत होतं.

"गूळ कमी पडला," ती म्हणाली. "कोणी मळलंय?"

आबा हसले आणि मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावलं. भिंतीवरच्या मायच्या फोटोकडं कोणीच वर पाहिलं नाही.

अक्कानं दोन रोट खाल्ले. त्या वर्षी पौर्णिमेच्या आत आमच्या घरच्या दोन्ही मुठींचे रोट संपले, आणि तेव्हापासून दर श्रावणात नानांच्या ओट्यावर पाच मुठी मोजतात.